तिरंगा अंगणात, क्रूस आत

कोल्हापूर हे झेंड्यांचं गाव आहे. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या चढतात. निनाम पाडळीच्या काठीचा मान पहिला, मागोमाग बाकीच्या गावांच्या, आणि ते उंच कळक गुलालात न्हाऊन, चांगभलंच्या गजरात माणसांच्या खांद्यांवर नाचत वर जातात. मोहरमात तालमीतालमींत पंजे बसतात, आणि ते बसवणाऱ्यांत हिंदू घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या असतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, ज्याची त्याची पेठ आणि ज्याचा त्याचा झेंडा. आणि १ मे २०१७ पासून पोलीस उद्यानात ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ उभा आहे. कोल्हापूरकराला झेंडा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मान कुणाचा, पुढं कोण, खांदा कुणी द्यायचा, हे त्याला लहानपणापासून कळतं.

म्हणूनच आमच्या चर्चमधल्या झेंड्यांचा विषय निघाला तेव्हा तो पाच मिनिटांत मिटणार नाही, हे मला ठाऊक होतं.

विषय असा. मंडळीतल्या एका कुटुंबाचा मुलगा बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तो सुट्टीला आला तेव्हा चर्चला भेट म्हणून एक झेंडा आणि लाकडी बैठकीचे दोन स्टँड घेऊन आला. झेंडा पांढरा, वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात लाल क्रूस, कडेला सोनेरी झालर, काठीच्या टोकाला पितळी क्रूस. यालाच ख्रिस्ती ध्वज म्हणतात. दुसरा स्टँड तिरंग्यासाठी. त्याच्या तिकडच्या चर्चमध्ये वेदीच्या एका बाजूला देशाचा झेंडा आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती झेंडा असतो. तसं आपल्याकडेही असावं, अशी त्याची मनापासूनची इच्छा. भेट प्रेमानं दिलेली होती, त्याबद्दल मला शंका नाही. पाळकसाहेबांनी विषय कमिटीपुढे ठेवला आणि कमिटीत मी आहे.

माझं मत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. तिरंगा चर्चच्या अंगणात, स्वतःच्या स्तंभावर, सगळ्यांत उंच. आत वेदीजवळ एकही झेंडा नको. देशाचा नको आणि ख्रिस्ती म्हणवणाराही नको.

तरुण मुलांना हे पटेना. त्यांची बाजू आधी सांगते, कारण ती मला आतपर्यंत लागली. आमच्या युवक संघातला एक मुलगा, एमआयडीसीत नोकरी करणारा, शांत स्वभावाचा. तो म्हणाला, "ताई, उद्या कुणी आत येऊन मोबाइलवर शूटिंग केलं, तर त्यात तिरंगा दिसायला पाहिजे. मग कुणी काय बोलायचं नाही." बैठकीत क्षणभर कुणीच काही बोललं नाही. तो काय म्हणतोय ते प्रत्येकाला कळलं होतं. मलाही कधीतरी एका ओळखीच्या बाईंनी अगदी सहज विचारलं होतं, "तुमच्यात पंधरा ऑगस्ट करतात काय?" विचारण्यात वाईट हेतू नव्हता. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत आलं.

त्या मुलाला मी जे सांगितलं ते इथंही लिहिते. ज्या कारणासाठी तू तिरंगा आत मागतोस, त्याच कारणासाठी मला तो आत नको आहे. आपण तो भीतीपोटी लावला, तर तो राष्ट्रध्वज राहत नाही, तो आपण गळ्यात अडकवलेला दाखला होतो. आणि दाखला मागायचा अधिकार या देशात कुणालाही नाही, म्हणून तो द्यायची पाळीही आपल्यावर येत नाही. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचं काम त्यांच्याकडे होतं आणि ख्रिस्ती समाजाला कायदेमंडळात राखीव जागा नकोत, ही भूमिका त्यांनी घेतली. बाकीच्यांबरोबर उभं राहायचं, वेगळा कोपरा मागायचा नाही. अशा माणसांच्या वारसांनी कॅमेऱ्यासाठी झेंडा लावायचा?

आता कायद्याचं. बैठकीला जाताना मी ध्वज संहिता वाचून गेले होते. भारतीय ध्वज संहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली. त्याआधी सामान्य नागरिकाला वर्षभर तिरंगा लावण्याची मोकळीक नव्हती. उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २३ जानेवारी २००४ रोजी सांगितलं की सन्मानानं राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेला ध्वज चालू लागला, जुलै २०२२ मध्ये रात्रीही फडकवायला परवानगी मिळाली, आणि त्या ऑगस्टमध्ये हर घर तिरंगा झालं तेव्हा आमच्या चर्चच्या गेटवरही तो होता. म्हणजे चर्चनं तिरंगा लावावा का, हा प्रश्नच नाही. खुशाल लावावा, रोज लावावा.

पण त्याच संहितेत खासगी संस्थांसाठीही एक नियम आहे. दुसरा कुठलाही झेंडा राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या शेजारी लावू नये. एकाच काठीवर तर दुसरा झेंडा चालतच नाही. व्यासपीठावर लावायचा तर तो वक्त्याच्या उजव्या हाताला. मजकूर सरळ वाचला तर दोन स्टँडांवर जोडीजोडीनं उभे केलेले दोन झेंडे आपल्याकडे बसतच नाहीत. ती मांडणी आली अमेरिकेतून. तिथल्या १९४२ च्या ध्वजविषयक कायद्यात चर्चचा वेगळा उल्लेख आहे. राष्ट्रध्वज धर्मोपदेशकाच्या उजवीकडे, दुसरा कुठला झेंडा असला तर तो डावीकडे. दोन महायुद्धांच्या काळात तिथल्या चर्चमध्ये राष्ट्रध्वज मोठ्या प्रमाणावर आत आले, कारण बाकांवर बसलेल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी लढाईवर होतं. मी त्या आयाबापांना नावं ठेवणार नाही. पण ती त्यांची गोष्ट आहे. आपली नव्हे.

आणि त्या ख्रिस्ती झेंड्याची गोष्ट तरी कुठं आपली आहे? २६ सप्टेंबर १८९७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडमधल्या एका लहान चर्चमध्ये संडे स्कूलच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेच्या, कार्यक्रमाला ठरलेले वक्ते आले नाहीत. शाळेचे अधीक्षक चार्ल्स ओव्हर्टन यांना ऐन वेळी बोलायला उभं राहावं लागलं. समोर अमेरिकेचा झेंडा होता, त्यावरून त्यांना सुचलं की ख्रिस्ती लोकांचाही एक झेंडा असावा. पुढं १९०७ मध्ये राल्फ डिफेंडॉर्फर यांनी तो प्रसारात आणला. पांढरा रंग शुद्धतेचा, लाल क्रूस प्रभूच्या रक्ताचा, निळा विश्वासूपणाचा. कुठल्याही एका पंथाची त्यावर मालकी नाही. सुंदर कल्पना आहे. मुलांच्या मेळाव्याला, पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटफेरीला तो हातात असला तर मला आनंदच वाटेल.

पण अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ मध्ये. त्या झेंड्याची कल्पना कुणाच्या डोक्यात येण्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी या गावात उपासना सुरू झाली होती, शाळा निघाल्या होत्या. ज्यांनी घरदार, जातगोत, गावकी यांचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला, त्या आमच्या पूर्वजांपुढे कसलाही झेंडा नव्हता. एक पुस्तक होतं आणि एक मेज होता. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवलं तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाला आपला आवाज सापडला. देशप्रेम त्यांच्या कवितेत ओसंडून वाहतं, आणि तेच टिळक प्रभूपुढे तुकोबांच्या वळणानं आळवणी करतात. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखानं नांदल्या, त्यासाठी दोन काठ्या शेजारी उभ्या कराव्या लागल्या नाहीत.

बैठकीत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. म्हणाले, "तिरंग्यात आपला वाटा आहेच की! पांढरा पट्टा आपला. गांधीजींनीच ठेवलेला." गुरुजींचं वाचन दांडगं, आणि त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, गांधीजींना झेंडा दाखवला तो दोन रंगांचा होता, लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. गांधीजींनी त्यात पांढरा घालायला सांगितला, उरलेल्या सगळ्या समाजांसाठी. पारशी, ज्यू, ख्रिस्ती, सगळे त्या पांढऱ्यात.

मला विचाराल तर त्या झेंड्याच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं पान यानंतरचं आहे. रंग धर्मांना वाटून दिले की वाटेकरी वाढतात. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठला? त्यांचं काय चुकलं? दहा वर्षं ही ओढाताण चालली, आणि १९३१ मध्ये काँग्रेसनं ठरवून टाकलं की केशरी, पांढरा आणि हिरवा या रंगांना कुठलाही जातीय किंवा धार्मिक अर्थ नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं तिरंगा स्वीकारला तो याच अर्थानं, चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन. मी गुरुजींना म्हटलं, गुरुजी, पांढरा पट्टा आपला होता, तो आपण सगळ्यांनी मिळून सोडला, म्हणून आज अख्खा झेंडा आपला आहे. केशरीसुद्धा माझा आणि हिरवासुद्धा. त्याच्या शेजारी क्रूसाचा झेंडा उभा केला की पुन्हा वाटणी सुरू झाली. तो देशाचा, हा आमचा. बघणारा हेच वाचणार. ज्या झेंड्यात मी पूर्ण आहे, त्याच्या बाजूला मी स्वतःची वेगळी काठी का रोवू?

गुरुजींनी मान हलवली. त्यांना पटलं की नुसतं ऐकून घेतलं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या बाजूनंही बघायला हवं, वेदीच्या बाजूनं. आमच्या चर्चला प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाचं, वळण आहे. भिंती पांढऱ्या, मधोमध लाकडी क्रूस, उपदेशाचं पुलपिट, आणि खाली प्रभुभोजनाचा मेज. त्या मेजाशी भाकर मोडली जाते तेव्हा पाळकसाहेब कुणाचा पासपोर्ट विचारत नाहीत. गावात पाहुणा आलेला नागा जवान असो, केरळची नर्स असो, की परदेशातून आलेला कुणी पाहुणा असो, त्याच भाकरीतला तुकडा आणि त्याच प्याल्यातला घोट. ती जागा एका देशाची नव्हे. आणि आपल्या देशावर माझं प्रेम आहे म्हणूनच मी म्हणते, की देव आपल्या देशाच्या बाजूनं उभा आहे असं दाखवायचा मोह आपण धरू नये. जर्मनीत हिटलरच्या काळात चर्चमध्ये, वेदीजवळ स्वस्तिकाचे झेंडे लागले आणि कित्येक पाळकांना त्यात वावगं वाटलं नाही. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेन गावी जमून काही जणांनी जाहीर केलं की चर्चचा धनी एकच, येशू ख्रिस्त. धर्मपंडित कार्ल बार्थ त्यात पुढं होते. आपली परिस्थिती तशी आहे असं मी म्हणत नाही. पण आत एकदा झेंड्याला जागा दिली की उद्या कुठला झेंडा येईल हे आपल्या हातात राहत नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. इंग्रजांच्या राज्यात पलटणींची जुनी निशाणं चर्चमध्ये नेऊन ठेवायची पद्धत होती. देवाच्या घरात साम्राज्याची निशाणं टांगली होती ती अशी.

देश आमच्या उपासनेत नाही असं कुणी समजू नये. दर रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश, सीमेवरचे जवान, शेतकरी यांच्यासाठी प्रार्थना होते. ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्यासाठी प्रार्थना करा, ही पौलाची तीमथ्याला सूचना, आणि ती आम्ही सरकार कुणाचंही असो, पाळतो. ज्याला आपण मत दिलं नाही त्याच्यासाठीही डोळे मिटून मनापासून मागायचं. महापुराच्या त्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पंचगंगेनं अर्धं गाव वेढलं होतं, तेव्हा ती प्रार्थना म्हणताना पुढच्या बाकावरच्या आजी हुंदके देत होत्या. देशप्रेम आत कुठल्या रूपात यावं, याचं मला मिळालेलं उत्तर ते आहे.

सगळं ऐकून झाल्यावर सुभेदारकाका बोलले. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झालेली, आता मिशा पूर्ण पांढऱ्या. अंगणातला ध्वज बांधायचं काम गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे आहे, आणि ते बांधताना बघणं मला फार आवडतं. खादीचा ध्वज, तीन फूट बाय दोन फूट, हुबळीच्या बेंगेरीतून आलेला. तिथं राष्ट्रध्वज प्रमाणित मापानं शिवले जातात. आदल्या संध्याकाळी काका तो हलक्या इस्त्रीनं सरळ करतात, टेबलावर अंथरतात, केशरी वर आहे की नाही ते दोरीच्या टोकाशी दोनदा पडताळतात. मग लांबीत घडी, पुन्हा घडी, आत गुलाबाच्या पाकळ्या. तेवढी मुभा संहितेनं दिली आहे. शेवटी दोरीचे वेढे आणि सरकगाठ. ती गाठ ते पोरांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. "हिसका दिला की सुटली पाहिजे, पण वाऱ्यानं सुटता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या बैठकीत ते म्हणाले, "तिरंगा चर्चात येतोय की. मी आणलाय आत. खांद्यावरनं."

सगळ्यांना आठवलं. आमच्या मंडळीतल्या एका जवानाची शवपेटी आली होती तेव्हा. पेटीवर तिरंगा, केशरी बाजू डोक्याकडे. पलटणीच्या माणसांनी आणि काकांनी ती आत आणली आणि मेजापुढे ठेवली. काही ठिकाणच्या कॅथलिक रीतीत दाराशीच राष्ट्रध्वज काढून पांढरं वस्त्र घालतात, कारण देवापुढे सगळे सारखे. आमच्याकडे त्या दिवशी तसं कुणी सुचवलं नाही, आणि मीही सुचवलं नसतं. पुढं कबरीजवळ ध्वज उतरवला गेला, कारण तो मातीत जात नाही, त्याची घडी झाली आणि ती त्या मुलाच्या बायकोच्या हातात दिली गेली. तिनं ती छातीशी धरली तेव्हा घडीचा एक कोपरा सुटला होता, काकांनी पुढं होऊन तो आत दुमडला.

हे माझ्या नियमात बसत नाही, आणि मी बसवायला जाणारही नाही. तो तिरंगा कुणाला दाखवायला आणलेला नव्हता. एका माणसानं त्याच्यासाठी जीव दिला होता, त्याच्याबरोबर तो आला आणि त्याच्याबरोबर गेला. कायमचा स्टँडवर उभा करून ठेवला असता, दर रविवारी नजरेखाली राहून फर्निचरसारखा झाला असता, तर त्या दिवशी तो आत येताना आमच्या अंगावर काटा आला असता का? काकांचं म्हणणंही हेच होतं, फक्त त्यांनी ते चार शब्दांत सांगितलं. "स्टँडवर नको. खांद्यावर येऊ दे." एमआयडीसीतला तो मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला, पण त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

कमिटीत एकमत झालं नाही. बहुमत झालं. ख्रिस्ती झेंडा संडे स्कूलच्या खोलीत राहील, मुलांच्या कार्यक्रमांना वापरला जाईल. ज्यांनी भेट दिली त्या घरी मी आणि पाळकसाहेब दोघं जाऊन बोललो. आईच्या चेहऱ्यावर नाराजी होती, ती तिनं लपवली नाही. चहा मात्र दिला. स्टँड परत न करता त्यांचं काय करावं ते अजून ठरलेलं नाही.

अंगणातला जुना लोखंडी खांब गंजला होता. तो बदलून नवा, पक्क्या चौथऱ्याचा बसवायचा ठराव मात्र एकमतानं झाला. त्यासाठी वर्गणी सगळ्यांत आधी त्याच मुलानं दिली, ज्याला आत तिरंगा हवा होता.

आता माझी एक सूचना कमिटीपुढे आहे. २६ जानेवारी २०२५ रविवारी आला होता, तेव्हा ध्वजवंदन आधी की उपासना आधी यावर घोळ झाला. घंटा वाजली तेव्हा अर्धी मंडळी अंगणात आणि अर्धी आत. २०२७ चा १५ ऑगस्टही रविवारी येतो आहे. त्या दिवशी साडेसातला सगळ्यांनी अंगणात जमावं. शेजारच्या गल्लीतल्या लोकांनाही बोलवावं, ज्या बाईंनी मला विचारलं होतं त्यांनाही मी स्वतः सांगून येईन. ध्वज फडकवायचा मान काकांचा, आणि त्यांना झेपलं नाही तर त्यांनी गाठ शिकवलेल्या पोरांपैकी एकाचा. राष्ट्रगीत, संविधानाची उद्देशिका, मुलांना खाऊ. आठच्या ठोक्याला घंटा वाजवायची, ज्यांना यायचं त्यांनी आत यावं आणि उपासना सुरू करावी. संध्याकाळी ध्वज उतरवायला दोन माणसं आधीच नेमून ठेवावीत, कारण ऑगस्टचा पाऊस आहे आणि खादी भिजलेली ठेवून चालत नाही.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवायचं आहे. गुरुजी उद्देशिका वाचायला तयार आहेत.